सोल्युशन वाळेपर्यंत

भिंतींना दगड चिकटवणारा तो कारागीर जन्माचा भित्रा. शिडीची तिसरी पायरी आली की तो खाली उतरायचा. बायको नेमकी उलट. दोघं जोडीनं कामं घ्यायची आणि उंचावरचं सगळं तिच्या वाट्याला यायचं. "घरात एक तरी पुरुष नको का?" असं ती चारचौघांत म्हणायची आणि हसण्यात तोच पहिला असायचा.

त्या दुपारी दोघं एका घरातल्या आतल्या खोलीत होती. खिडकी नाही, दार एकच. खऱ्या दगडाच्या पातळ शीट लावायच्या होत्या. दगडाचा थर कातडीएवढा, मागे जाळीचं अस्तर, चटईसारखी गुंडाळता येईल अशी शीट. भिंतीला आणि शीटच्या पाठीला सोल्युशन, म्हणजे रबरी डिंक, फासायचं, बोटाला चिकटेनासं झालं की दोन्ही टेकवून रोलर फिरवायचा. पण वाळेपर्यंत त्याची वाफ खोलीभर दाटते आणि ती पेट्रोलसारखी भडकते. म्हणून दारात पंखा लागतोच.

बटणांचे बोर्ड सोडवायचे म्हणून आज मेन स्विच बंद होता. पंखाही बंद.

"एकच तर भिंत आहे, उरकून टाकू," कारागीरच म्हणाला.

अर्धी भिंत फासून झाली आणि बॅटरीचा दिवा मिणमिणायला लागला. दुसरा आणायला तो टेम्पोकडे गेला. परत येताना बोळकांडीच्या टोकाशीच थबकला.

खोलीच्या दारात घरमालकाचे वडील उभे होते. म्हातारे मायाळू, पण कानांनी ठार बहिरे. काखेत मेणबत्ती आणि हातात काडेपेटी.

"अंधारात डोळे फोडून घेशील पोरी! थांब, उजेड करतो."

बायको शिडीवर, भिंतीकडे तोंड, तोंडावर जाड मास्क. तिला वाटलं, म्हातारा नेहमीसारखं काहीबाही बोलतोय. पहिली काडी मोडली. म्हाताऱ्यानं ती टाकली आणि दुसरी काढली.

कारागिराला हाक मारायची होती. पण म्हातारा ऐकणार कसा? पाय जणू लाद्यांतच रुतले. आपण तिला इथं कोंडलं, पंख्याशिवाय, आपणच, एवढंच डोक्यात घणासारखं वाजत होतं. काडी पेटीला टेकली.

तो कसा धावला, त्याला कधीच सांगता आलं नाही. काडेपेटीसकट म्हाताऱ्याची मूठ त्यानं दोन्ही हातांनी आवळली आणि त्याला मागच्या मागे ओढत अंगणापर्यंत नेलं आणि पेटी हिसकावून घेतली.

"चोर! चोर!" म्हातारा बोंबलत होता, कोपरं मारत होता.

शिडीवरून बायकोनं वळून पाहिलं. उंबऱ्यात पडलेली मेणबत्ती दिसली आणि तिला सगळं उमगलं. श्वास रोखून, शिडीचा एकही आवाज न करता ती उतरली आणि बाहेर आली.

अंगणात कारागिराची मूठ उघडेना. तिनं एकेक बोट सोडवलं. आत काडेपेटीचा चुरा.

"मी... पंखा..." तो खोलीकडे बोट दाखवत राहिला.

"आधी श्वास घ्या," ती म्हणाली आणि स्वतःच मटकन खाली बसली. आज तिला एकही विनोद सुचला नाही.

तिनंच मग म्हाताऱ्याच्या कानाशी ओरडून सांगितलं, "आजोबा, आत वाफ होती! घर पेटलं असतं!"

म्हाताऱ्यानं खोलीच्या दिशेनं पाहिलं. मग कारागिरावर खेकसला, "अरे, मग मला हाक मारायचीस की!"

त्या दिवशी दारं उघडी टाकून दोघं निघून गेली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरातून वायर ओढली, पंखा लावला, खराब झालेलं सोल्युशन खरवडून नव्यानं फासलं आणि भिंत पुरी केली. काळसर, खडबडीत, बघत राहावी अशी भिंत.

म्हातारा बघायला आला. दगडावरून हात फिरवला, मान डोलावली आणि खिशात हात घातला.

खिशातून निघाला फक्त चष्मा. पण तोवर बायकोचं मनगट धरून कारागीर अंगणात पोचलाही होता.