तीन तारांची केबल

"तेजश्री को बुलाओ," भाटियासाहेब म्हणाले, तेव्हा अक्षया त्यांच्या समोरच बसली होती. ती उठली आणि तेजश्रीला बोलावून घेऊन आली.

गाझियाबादच्या या धातू-तपासणीच्या लॅबमध्ये अक्षया आधीपासून होती. तेजश्री तिची कॉलेजातली मैत्रीण, जळगावची. तिच्यासाठी साहेबांकडे शब्द टाकला तो अक्षयानंच, आणि स्वतःच्या फ्लॅटमधली अर्धी खोलीही दिली. आता वर्षभरात साहेबांच्या तोंडी तेजश्रीशिवाय दुसरं नाव नव्हतं.

भट्टी चालवणारं वर्कस्टेशन आतल्या खोलीत असे, त्याला स्वतःचा पडदा नव्हता. भट्टीजवळच्या टर्मिनलवरून, म्हणजे नुसत्या पडदा-कीबोर्डवरून, एका सिरीयल केबलनं त्यात लॉगिन करावं लागे. जुनं टर्मिनल काल बंद पडलं म्हणून दुसरं आणून जोडलं होतं, आणि त्यावर लॉगिनऐवजी नुसती वेडीवाकडी चिन्हं उमटत होती.

तेजश्री फरशीवर मांडी घालून बसली. "स्पीड जुळत नाहीये," ती म्हणाली. टर्मिनलच्या सेटिंगमध्ये जाऊन तिनं वेग वर्कस्टेशनइतका केला. पडद्यावर स्वच्छ अक्षरांत 'लॉगिन' आलं.

"देखा?" साहेब अक्षयाकडे बघून म्हणाले. तो एक शब्द अक्षयाला झोंबला.

पण तेजश्री नाव टाइप करू लागली, तर एकही अक्षर जाईना. तिनं कीबोर्ड बदलला, टर्मिनल बंद करून चालू केलं. काही उपयोग नाही.

काय झालंय ते अक्षयाच्या लगेच लक्षात आलं. पलीकडून इशारा आल्याशिवाय काही पाठवायचं नाही, असं या टर्मिनलचं 'फ्लो कंट्रोल'चं सेटिंग होतं. आणि तो इशारा आणणारी तारच केबलमध्ये नव्हती. तीन तारांची ती केबल अक्षयानंच जोडून बनवली होती. ते सेटिंग बंद केलं की काम झालं असतं.

पण ती सावकाश कँटीनला गेली, चहा घेतला. परत आली तेव्हा तेजश्री अजून तिथंच होती, कपाळावर घाम, आणि साहेब त्रासिक आवाजात विचारत होते, "हो नहीं रहा क्या?"

अक्षयाला आतून गुदगुल्या झाल्या. मग ती पुढं झाली. "सर, केबल में तीन ही तार हैं. फ्लो कंट्रोल बंद करना पडेगा," असं म्हणत तिनं स्वतःच सेटिंग बदललं. नाव उमटलं, पासवर्ड गेला, भट्टी तापू लागली. साहेबांनी तिच्या पाठीवर शाबासकी दिली. तेजश्री हसली, "बरं झालं गं तू आलीस."

संध्याकाळी दोघी ऑटोतून घरी निघाल्या.

"तू चहाला गेलीस ना," तेजश्री म्हणाली, "तेव्हा मी केबलचं टोक उघडून बघितलं. तीनच तारा होत्या."

"मग सेटिंग का नाही बदललंस?"

"म्हटलं, तू सांगतेस का बघू. तुला आधीच कळलंय, हे तुझ्या चेहऱ्यावर दिसत होतं, यार."

अक्षयाला लाज वाटली. पण लाजेपेक्षा जास्त बोचलं ते वेगळंच. आपण झाकलेलं उत्तर हिनं शोधलं, आणि वरून शाबासकी आपल्याला देऊन टाकली.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"हो, चुकलंच," तेजश्री म्हणाली, आणि बाहेर बघत राहिली.

महिना संपताना तिनं गाझियाबादच्याच वैशाली भागात वेगळी खोली घेतली. अक्षयानं सामान खाली उतरवायला मदत केली. राहा म्हणावं असं तिच्या ओठांवर आलं होतं, पण तेजश्रीच आधी बोलली, "माझा राग नाही हं तुझ्यावर."

टेम्पो वळून दिसेनासा झाला. अक्षया रिकाम्या खोलीत येऊन बसली. तेजश्रीनं भांडायला हवं होतं, चार शब्द सुनावायला हवे होते. तिचा राग नव्हता, हेच अक्षयाला सहन होत नव्हतं.