अर्जाची पोच

आमच्या ह्यांच्या प्रामाणिकपणाचं मला कौतुक आहे, आणि त्याच प्रामाणिकपणाचा मला संतापही येतो. पूर्णा गावातल्या गोदामात हे आठ वर्षं गेटवर आहेत. मालाचं चलन नसेल तर मालकाच्या सख्ख्या मेहुण्याची गाडीही आत सोडत नाहीत. एकदा खरंच सोडली नव्हती. मेहुणे तासभर उन्हात उभे, आणि हे शांतपणे म्हणतात, "कागद दाखवा, साहेब." मी त्याच गोदामात पॅकिंगला आहे, त्यामुळे तो तमाशा डोळ्यांनी पाहिलाय.

हीच शिस्त त्यांनी आमच्या नेत्राच्या शाळेलाही लावली. उन्हाळ्यात ठेकेदार बदलला, आमचे दोघांचे पगार अडकले आणि नेत्राची सातवीची फी थकली. तेव्हापासून हे तिला शाळेच्या गेटपर्यंत सोडेनात. अलीकडच्या चहाच्या टपरीपाशीच गाडी थांबवायची, "जा बाळा" म्हणायचं आणि माघारी वळायचं. पालकसभेलाही गेले नाहीत.

"फी न भरता आत कोणत्या तोंडानं जाऊ, भावना?" मला म्हणाले. "मी तरी कागदाशिवाय कोणाला सोडतो का?"

"शाळा म्हंजे गोदाम न्हाय," मी म्हटलं. पण गेले तर मीही नाही. उगाच एकट्या त्यांच्यावर खापर कशाला फोडू?

नेत्रा मात्र गप्प होत गेली. जेवताना माझं डोकं खाणारी पोर ताटाकडे बघून जेवायला लागली. एका संध्याकाळी मी मेथी निवडत होते, तर शेजारी येऊन बसली आणि काड्या मोडत म्हणाली, "मम्मी, मला गावातल्या शाळेत घाल ना."

"का गं?"

"तिथं कोणी बाहेर बसवत नाही."

मग एकेक बाहेर आलं. तीन दिवस तिला वर्गात घेतलं नव्हतं. फी बाकी असलेल्या मुलांना जिन्याखालच्या बाकावर बसवायचे, आणि येणारे-जाणारे बघत जायचे. सोमवारपासून सहामाही परीक्षा होती. फी आल्याशिवाय पेपर मिळणार नाही, असं वर्गाच्या बाईंनी सांगितलं होतं. एवढं सगळं पोटात ठेवून ही पोर रोज डबा संपवून घरी येत होती.

"पप्पा गेटपर्यंत का येत नाहीत?" तिनं विचारलं. "त्यांना माझी लाज वाटते?"

मी दाराकडे बघितलं. आत हे कपड्यांच्या घड्या घालत होते. त्यांनी ऐकलं होतं. बाहेर आले नाहीत, नुसती एकाच शर्टाची घडी मोडून पुन्हा घालत राहिले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ह्यांनी इक्बालभाईंना सगळं सांगितलं. इक्बालभाई आमचे सुपरवायझर. नारपोलीत त्यांच्या घरचे कापडाचे लूम होते, ते विकून गोदामात आले. पण बोलतात अजूनही मोठ्यानं, लूम शेजारी चालू असल्यासारखे.

"चूक आमचीच हाय, इक्बालभाई," हे म्हणाले. "पैसे थकले तर होल्डवर टाकणारच ना."

इक्बालभाईंनी शेडच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथं एका पार्टीचे खोके होते, 'होल्ड'ची लाल चिठ्ठी लावलेले. खाली फळ्या, वर ताडपत्री.

"याचे पैसे कोणाकडे अटकलेत?"

"पार्टीकडे."

"मग फोन कोणाला करतो आपण? खोक्याला? आणि खोक्याचा एक कोपरा भिजला तर ऑफिसवाले माझी मान धरतात. अरे हरेश, तुझी पोरगी तर खोका पण नाय! फी मागायचा हक आहे शाळेला, तुझ्याकडे मागू दे. पोरीला जिन्याखाली नाय बसवू शकत. बच्चे को तकलीफ देना मना है, कायदा आहे. जा, लिहून दे. और पोच ले."

पोच म्हटल्याबरोबर आमचे हे ताठ झाले. हा त्यांचा प्रांत. गेटवर प्रत्येक कागदाची दुसरी प्रत असते, आणि तिच्यावर माल घेणाऱ्याचा सही-शिक्का पडल्याशिवाय गाडी हलत नाही.

घरी येऊन त्यांनी नेत्राच्या वहीच्या पानांवर अर्ज लिहिला, दोनदा, तोच मजकूर. 'फी माझ्याकडे बाकी आहे, मुलीकडे नाही. हप्ते पाडून द्यावेत. मुलीला चार दिवस जिन्याखाली बसवले आहे, ते थांबवून तिला वर्गात व परीक्षेला बसवावे. बसवणार नसल्यास कारण लेखी द्यावे.' शेवटचं वाक्य खास त्यांचं. गाडी परत पाठवली तर कारण लिहावंच लागतं.

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. टपरीपाशी सवयीनं गाडी थांबली, नेत्रा उतरायला लागली.

"बस," हे म्हणाले, आणि गाडी थेट गेटवर नेली.

नेत्रा जिन्याकडे गेली, तिथं आधीच चार पोरं बसली होती. वॉचमननं भेटीची चिठ्ठी भरायला दिली. आठ वर्षं दुसऱ्यांकडून चिठ्ठ्या भरून घेणारा माणूस कठड्यावर कागद टेकवून लिहीत होता, मला हसू आवरेना.

मुख्याध्यापिका मॅडमनी अर्ज वाचला. "ठेवून जा, बघू."

ह्यांनी दुसरी प्रत पुढे केली. "पोच द्या, मॅडम."

"त्याची काय गरज?"

"गरज हाय."

मॅडमनी पेन उचललं, पण जिन्याच्या ओळीशी ते थांबलं. "हे एवढं लिहायला हवं होतं का?"

"बसवलं न्हाय असं तुम्ही लिहून द्या," हे म्हणाले. नजर खाली नव्हती. "मी अर्ज परत घेतो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग मीच तोंड उघडलं. "मॅडम, जिन्याखाली अजून चार लेकरं हायेत. त्यांचे आईबाप अजून टपरीपाशीच थांबत असतील."

मॅडमनी शिपायाला हाक मारली. "जिन्याखालच्या सगळ्या मुलांना वर्गात पाठवा." मग पोचेवर सही केली, शिक्का मारला आणि मार्चपर्यंतचे हप्ते लिहून दिले. बाई वाईट नव्हत्या. असं लिहून त्यांच्यासमोर कोणी ठेवलंच नव्हतं.

आम्ही निघालो, तर गेटवर वॉचमननं अडवलं. "चिठ्ठीवर सही नाही. ज्यांना भेटलात त्यांची लागते."

मी चिठ्ठी बघितली. 'कोणाला भेटायचे' यापुढे ह्यांनी लिहिलं होतं : नेत्रा, सातवी.

दुसरा कोणी हुज्जत घालून निघून गेला असता. हे मुकाट मागे फिरले. नेत्रा दप्तर उचलून वर्गाकडे निघाली होती. हे तिच्यासमोर उकिडवे बसले.

"मला तुझी लाज न्हाय वाटत गं," म्हणाले. "माझी मला वाटत होती."

नेत्रानं चिठ्ठी वाचली, मग त्यांच्याकडे बघितलं. "रोज गेटपर्यंत यायचं. तरच सही."

"येईन."

तिनं भिंतीला कागद टेकवून सही केली, नवी नवी शिकलेली, शेपटीवाली. आम्ही गेटवर आलो. आठ वर्षं लोकांच्या सह्या तपासणाऱ्या माणसाला ती सही काही धड दिसेना. वॉचमनला ती मीच दाखवली.