मा. ह.ची ओळ

मार्लिस हकालाने कागदांचा गठ्ठा वेन्डेलच्या की-बोर्डवर आपटला.

"एकोणीस मिनिटं! अख्ख्या काउंटीत एकोणीस मिनिटं कुणाला अँब्युलन्स बोलावता आली नाही. तलावाकाठचा तो म्हातारा शेजाऱ्याने ट्रकमध्ये घालून आणला म्हणून वाचला. आणि तू म्हणतोस, बघतो?"

वेन्डेलने कॉफीचा कप बाजूला सरकवला. ते पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बर्फ वितळला की रस्तेवाले खोदायला लागतात. आज सकाळी त्यांनी आपत्कालीन कक्षाची, सगळे फोन जिच्यावरून येतात ती फायबर केबल तोडली. तोडणारच. त्यासाठीच तर दोन राऊटर होते! एक लाइन मेली की दोघांनी आपसात बोलून दुसरीवरून वाट काढायची, माणसाने बोटही लावायचं नाही. मार्लिसने ही व्यवस्था स्वतः बसवली होती. गेली दोन वर्षं ती या ढिम्म माणसाच्या ताब्यात होती. अकरा वाजता काउंटीच्या साहेबांपुढे बैठक होती, आणि वेन्डेलला काढल्याचं पत्र तिच्या फायलीत तयार होतं. सही तेवढी राहिली होती.

"वाच," ती म्हणाली. "पहिल्या राऊटरच्या सेटिंगची प्रत्येक ओळ. चूक कुठे केलीस ते तुझ्याच तोंडून ऐकायचंय मला."

"सातवं पान," वेन्डेल म्हणाला. "खालून चौथी ओळ."

तिने पान उलटलं. कुणीतरी स्वतः टाइप करून घातलेला एक मार्ग तिथे होता: सगळं याच लाइनने जाऊ दे. राऊटरांनी आपसात काहीही ठरवलं तरी माणसाने लिहिलेलं ते वरचढ मानतात. मग लाइन तुटो नाहीतर जळो.

"कुठल्या गाढवाने हे—"

शेजारीच टीप होती. ‘तात्पुरतं. शुक्रवारी काढणे. मा. ह.’ तारीख सहा वर्षांपूर्वीची होती.

मार्लिसने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तू ही पाहिली होतीस?"

"आलो त्याच आठवड्यात."

"मग काढली का नाहीस, मूर्खा?"

वेन्डेलने मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या पिवळ्या कागदाकडे बोट दाखवलं. कडा वळलेल्या त्या कागदावर लिहिलं होतं: ‘मा. ह.ची ओळ. हात लावू नये.’

"त्याच आठवड्यात तुमची दुसरी एक ओळ काढली होती मी," तो म्हणाला. "जुनी, बिनकामाची. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, माझं नाव असलेल्या ओळीला पुन्हा हात लावलास तर बोटं छाटीन. सगळे हसले. हा कागद त्यांनीच लावून दिला."

"विचारायचं तरी होतंस."

"दोनदा आलो होतो, मार्लिस. दोन्ही वेळा तुम्ही कुणावर तरी ओरडत होतात."

फोन वाजला. तिने उचलला.

"हो, येतेय. नाही, वेन्डेल नको. मी एकटीच."

तिने फायलीतलं पत्र काढून चार तुकडे केले, पिवळा कागद सोलून सातव्या पानावर चिकटवला आणि गठ्ठा काखेत मारला.

"काढ ती ओळ."

वेन्डेलने ओळ शोधली. बोट बटणावर ठेवलं, आणि तिथेच थांबला.

"नक्की ना?" त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघत विचारलं.