चार दिवसांचं कडं

कारखान्यात भट्टी सांभाळणाऱ्या धम्मप्रियाने भर दुपारी विचारलं, "दिपक, लग्न करतोस का माझ्याशी?"

मी पक्का भागूबाई. "चार दिवस दे की!" एवढंच सुचलं.

तिने तांबं मिसळलेल्या अॅल्युमिनियमची पट्टी भट्टीतून काढून पाण्यात बुडवली आणि गार होताच माझ्या मनगटावर कड्यासारखी वाकवली. सहज वाकली!

"आता आत विरघळलेल्या तांब्याचे बारीक बारीक कण जमतील. ते धातूच्या थरांना सरकूच देत नाहीत. चार दिवसांनी हे कडं हाताने वाकायचं नाही. काढायचं तर आजच काढ. नाहीतर हात फ्रीजरमध्ये ठेव, थंडीत मऊ राहतं."

चौथ्या दिवशी आईने साबण लावला, खोबरेल लावलं, ओढून ओढून दमली. कडं जागचं हललं नाही. मी धावत भट्टीवर गेलो. "निघत नाही!"

"अरे येड्या, पहिल्या दिवशी सहज उघडलं असतं. फ्रीजर तरी..."

"उघडायचं कुणाला होतं?" मी ओरडलो. "लवकर कडक व्हावं म्हणून चार दिवस गच्चीवर सोलापूरच्या उन्हात हात धरून बसलोय की!"