संचलन संपेपर्यंत

आमच्या कोक-जार गावात मेच्या नऊ तारखेला, विजयदिनी, म्हाताऱ्यांना बाहेर काढतात, थंडी सरल्यावर गोधड्या उन्हात घालतात तसं. मोठ्या युद्धातला, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला, शेवटचा म्हातारा दोन वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून पहिल्या रांगेत आम्ही अफगाणवाले, सोव्हिएत फौजेतून अफगाणिस्तानात लढलेले. मला त्या लढाईत कोणी विचारून पाठवलं नव्हतं, आणि कशासाठी लढलो हे आजतागायत कोणी सांगितलेलं नाही. पण पदकं आहेत. वर्षातून एकदा ती छातीवर लावायची, चौकापर्यंत चालायचं आणि पुलाव खाऊन घरी यायचं.

त्या दिवशी पहाटे तिलेकचा फोन आला. तिलेक माझा मुलगा. तो आणि माझ्या धाकट्या भावाचा एल्दार, दोघं मॉस्कोला गवंडीकामाला गेले होते. तिथे कायम राहायचे कागद मिळतील म्हणून कोणीतरी भरीस घातलं आणि दोघांनी तिथल्याच लष्करात सही ठोकली. गाढव दोघंही.

"बाबा," तिलेक म्हणाला, "एल्दार गेला. माझ्या शेजारीच होता."

भाऊ वारला त्याला बरीच वर्षं झाली. एल्दारच्या आईला, सैराकानला, आता सांगायचं कोणी? आमच्याकडे मरणाची बातमी एकट्याने जाऊन सांगत नाहीत. जाणती माणसं जमून घरी जातात, आईला खाली बसवतात, दोन बायका तिला दोन्हीकडून धरतात, आणि मग घरातला वडीलधारा तोंड उघडतो. तोवर सगळ्या गावाला ठाऊक असलं तरी गाव गप्प. वडीलधारा म्हणजे मी.

पण जाणती माणसं सगळी संचलनात! गावचा अकिम, म्हणजे आमचा सरकारी कारभारी, हात जोडत आला. "एका तासाचा तर प्रश्न आहे, आजोबा. वरून पाहुणे आलेत, टीव्हीवाले आलेत. हे उरकू, मग मी स्वतः येतो तुमच्याबरोबर." मी शिवी देणार होतो, तेवढ्यात माझ्याच रांगेतल्या सापार म्हाताऱ्याने माझा दंड धरला. "जाऊ दे, जुमाश. आईपुरता पोरगा आणखी तासभर जिवंत राहील." मी पदकं लावली आणि निघालो.

मला वाटलं होतं, सैराकान घरीच असेल. तर संचलन जिथून निघतं त्या शाळेच्या फाटकाशी ती हजर. डोक्याला लाल फुलांचा रुमाल, हातात काठीला लावलेला माझ्या वडिलांचा फोटो. ते मोठ्या युद्धातून एक हात गमावून आले होते, आणि त्यांचा फोटो मिरवायचा मान दरवर्षी सुनेचा. थोरल्या दिराला, म्हणजे मला, ती 'बायके' म्हणते.

"बायके, हा टाय काय कुत्र्याने चघळलाय?" म्हणत तिने माझी गाठ नीट केली. "तिलेकचा फोन आला का हो? एल्दारचा पत्ता नाही."

"रेंज नसेल," मी म्हणालो.

"मग तोंड का असं? पदकं टोचतायत?"

बँड सुरू झाला. ती माझ्या शेजारून चालत होती. रस्ता एकदाचा संपावा असंही वाटे आणि कधीच संपू नये असंही. दुतर्फा गाव उभं. मुलं आमच्यावर ट्यूलिप फेकत होती, पण मोठी माणसं सैराकानकडे बघत आणि लगेच नजर खाली घालत. नानवाली पुढे आली, तिच्या हातात गरम नान कोंबला आणि डोळे पुसत पळाली.

"आज सगळ्यांना झालंय तरी काय?" सैराकान हसली. "फुकट नान देते आणि वर रडते!"

चौक दिसायला लागला होता. एवढ्यात बाजूच्या गल्लीत एक ट्रक थांबला आणि त्यातून काकिमने उडी मारली. काकिम आमचा चुलतभाऊ, पलीकडच्या खोऱ्यात राहतो. त्याला मीच पहाटे निरोप धाडला होता. तो बसने येणार, म्हणजे दुपार होणार, हा माझा हिशेब. त्याला वाटलं, एवढा वेळ गेला, आतापर्यंत सांगून झालं असणार. त्याने रीतीप्रमाणे कमरेला पट्टा आवळला, हात कमरेवर ठेवून वाकला आणि हंबरडा फोडत आमच्याकडे धावत सुटला.

"माझ्या शिंगरा! कुठे गेलास रे, माझ्या शिंगरा!"

पोरगा गेला की आमचे पुरुष असेच रडतात. नाव घेत नाहीत.

"पाहा," लाउडस्पीकर गरजला, "शहिदांसाठी जनतेचे अश्रू!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या मेल्याचा कर्णा उपटून फेकावासा वाटला मला.

आधी वडीलधाऱ्याला भेटायचं, म्हणून काकिम थेट माझ्या गळ्यात पडला. सैराकान थबकली. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या हातातला नान खाली पडला.

"बायके... आपला तिलेक?"

तिने उत्तराची वाट पाहिलीच नाही. फोटो सापारच्या हातात दिला, डोक्यावरचा फुलांचा रुमाल ओरबाडून काढला आणि माझे खांदे दाबून मला रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसवलं. स्वतः एका बाजूने मला घट्ट धरलं.

"बघताय काय?" ती सापारवर ओरडली. "धरा त्यांना तिकडून!"

आणि ती रडू लागली. माझी बायको तिलेकच्या जन्माच्या वेळीच गेली. एल्दारबरोबर त्यालाही हिनेच पाजलं होतं. "माझं दूध प्यायलास रे," ती हेल काढून म्हणत होती, "माझ्या अंगणात चालायला शिकलास!" मग माझं तोंड स्वतःकडे वळवून म्हणाली, "खंबीर व्हा, बायके. तो तिथे एकटा नाही. माझा एल्दार आहे ना त्याच्याजवळ. तो आणील त्याला घरी."

अल्ला मला माफ करो, त्या क्षणी मला वाटलं, असू दे. तिलेकच गेलेला असू दे.

बँड थांबला होता. सापार मान खाली घालून उभा होता. जाणती माणसं भोवती जमली होती, सगळं रीतीप्रमाणे होतं, फक्त बसवलं होतं भलत्याच माणसाला.

मी तिचे हात सोडवले आणि कट्ट्यावरून उठलो.

"सैराकान," मी म्हणालो, "इथे तू बस."