खरेदी होईपर्यंत

नागसेन बुलढाण्यात लोकांना घरं शोधून द्यायचा. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. घरी बोलायला कुणी नव्हतं. जूनमध्ये देऊळघाटच्या शाळेतल्या सारिका मॅडम त्याच्याकडे आल्या. लग्न न केलेल्या, आईला सांभाळणाऱ्या. करार त्यांनीच लिहून मागितला: सहा महिने त्यांच्या बाजूनं नागसेनच घर पाहील, मॅडम दुसऱ्या एजंटकडे जाणार नाहीत आणि खरेदी झाली की करार संपेल.

दर रविवारी दोघं घरं पाहत फिरायचे. मॅडम प्रत्येक नळ सोडून बघायच्या, घरमालकाशी हुज्जत घालायच्या, मग टपरीवर चहा पिताना वर्गातल्या पोरांच्या नकला करायच्या. नागसेन पोट धरून हसायचा. पुढंपुढं तो शनिवारीच शर्टाला इस्त्री करून ठेवू लागला.

ऑगस्टमध्ये त्याला मॅडमना हवं होतं तसं घर सापडलं. तळमजला, एकच पायरी, पुढं उन्हाचं अंगण. मालकाला घाई नव्हती. पुढच्या रविवारी मॅडमना दाखवू, असं मनाशी म्हणत नागसेननं सात रविवार घालवले.

आठव्या रविवारी टपरीवर मॅडमनी एकही नक्कल केली नाही. म्हणाल्या, "आईचे गुडघे पार गेले. पंधरा दिवस झाले, जिना उतरली नाही. खिडकीतून रस्ता पाहत बसते."

त्यानं अर्धा चहा तसाच ठेवला. "चला," तो म्हणाला, "एक घर आहे."

अंगणात पाय ठेवताच मॅडमचे डोळे भरून आले.

महिन्याभरात खरेदीखतावर सह्या झाल्या. नोंदणी ऑफिसबाहेर मॅडम आभार मानू लागल्या, तेव्हा त्याला राहवलं नाही.

"मॅडम, हे घर मले ऑगस्टपासून माहीत होतं."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"तुमचं येणं बंद झालं असतं."

त्यांनी हेल्मेट चढवलं. मग स्कुटी सुरू केली.

त्यानंतर फोन वाजला की तो हातातलं काम टाकून उचलायचा. प्रत्येक वेळी दुसराच कुणी असायचा. मॅडमच्या नव्या घराच्या गल्लीत गिऱ्हाईक न्यायचं तो टाळू लागला, आणि टाळताना तिकडंच बघायचा.

डिसेंबरात एका दुपारी त्यांचाच आवाज आला.

"आई म्हणते, घर दाखवणाऱ्याले जेवाले बोलाव. मी तिले काही सांगितलं नाही. माझा राग गेला नाही अजून."

"हो."

"पण या."