डावं पुढचं चाक

तीन चाकं अर्ध्या तासात लखलखली. डाव्या पुढच्या चाकाने मात्र अंत पाहिला. ब्रेकची काळी पूड त्याच्या कानाकोपऱ्यात जळून चिकटलेली. साबण झाला, रॉकेल झालं. शेवटी हातमोजे चढवून नाकाला झोंबणारं ते केमिकल मारलं आणि जुन्या टूथब्रशने घासत बसलो.

एकच चाक एवढं काळं का, ते मला पक्कं ठाऊक होतं. मेकॅनिकने पंधरा दिवसांपूर्वीच सांगितलं होतं, "साहेब, हा ब्रेक सुटतच नाहीये. पाय काढला तरी चाक धरून ठेवतोय. तापून तापून एक दिवस दगा देईल. चार दिवस गाडी सोडा माझ्याकडे." पण माझी नवी गाडी यायची होती आणि पार्किंगची जागा एकच. ही जुनी ताई घेणार होती, ती त्याआधी तिच्याकडे जायला हवी होती. ताईला नंतर सांगू, म्हटलं. नंतर म्हणजे कधी, हे स्वतःला विचारलंच नाही.

दुपारी ताई भाचीला घेऊन गाडी न्यायला आली. कुणा जाणकाराला दाखवून घे, असं भावोजी म्हणाले होते म्हणे.

"मी उडवूनच लावलं त्यांना," ताई हसली. "म्हटलं, माझ्या भावाची गाडी आहे. दाखवायची कसली?" मग वाकून चाकं बघितली. "अगं बाई! माझ्या घरची भांडी इतकी चकचकीत नसतात!"

चोराच्या मनात चांदणं. ती डाव्या बाजूला वळली की मी मध्ये जाऊन उभा. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी किल्ली दिली.

ती निघाल्यावर जेवायला बसलो. तिच्या वाटेवर तो लांबलचक उतार, मागच्या सीटवर भाची. आणि आपण काय केलं, तर पुरावा घासून काढला. स्वतःची किळस आली. उष्ट्या हातानेच फोन लावला.

"ताई, गाडी बाजूला घे. आत्ताच्या आत्ता."

"घेतली. का रे?"

सगळं ओकून टाकलं. ब्रेक, मेकॅनिक, सकाळची घासाघीस.

तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"आधी सांगितलं असतंस, तरी घेतलीच असती रे मी," ताई म्हणाली. "दुरुस्त करून घेतली असती."

"तिथेच थांब. मेकॅनिकला घेऊन येतो."

"नको. त्याचा नंबर दे. नक्की काय झालंय, ते मीच विचारते त्याला."